कॉम्प्युटरने कनेक्शन अडवले तर घाबरू नका, पण पहाराही उठवू नका

कापडाच्या धंद्यात कॉम्प्युटर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यातून येणाऱ्या ५० हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिल सक्तीचे झाले आणि सुरतहून धुळ्या-जळगावला येणारी गाठ कॉम्प्युटरच्या कागदाशिवाय हलेनाशी झाली. पुढे २०२० च्या टाळेबंदीत दुकानांची शटरे खाली आली तेव्हा अनेकांनी दुकानातला कॉम्प्युटर उचलून घरी नेला आणि तो घरीच राहिला. आज खातेवही, रोजमेळ, उधारीची यादी, कारागिरांचे देणे हे सर्व आपल्यापैकी अनेकांच्या घरात, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे.

या कॉम्प्युटरवर अधूनमधून इंग्रजीत सूचना येते की अमुक कनेक्शन अडवले आहे. ती पाहून काहीजण घाबरतात, काहीजण न वाचताच समोरचे बटण दाबतात, आणि काहीजण दुरुस्तीवाल्याला फोन करून 'ते अडवणारे जे काही असेल ते काढून टाका' असे सांगतात. आम्ही या तिन्ही चुका केल्या आहेत. म्हणूनच या सूचनेचा अर्थ व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडावा असे आम्हाला वाटले.

आमच्या घरी काय झाले

जळगावच्या आमच्या घरी दोन कॉम्प्युटर आहेत. सर्व हिशेब तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये असतो व प्रिंटरही त्यालाच जोडलेला आहे. वरच्या मजल्यावर पुतण्या बसून बिले करतो. काही वर्षांपूर्वी, ईदला पंधरा दिवस राहिले असताना, इंटरनेटवाल्याने जुना राउटर काढून नवा बसवला. त्या दिवसापासून वरच्या कॉम्प्युटरला खालचा दिसेना. हिशेबाचा फोल्डर उघडेना, बिल छापले जाईना. बाहेर टेम्पो भरून उभा, आणि आत आम्ही पडद्यावरचे इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचतो आहोत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, इंग्रजी कामापुरतेच येते. शेवटी ओळखीच्या एका कारागिराला फोन लावला. तो म्हणाला, "फायरवॉल बंद करा, लगेच चालेल." बंद केली आणि खरोखरच लगेच चालले. माल वेळेवर गेला. काम झाले म्हणून आम्ही तो विषय विसरलो. फायरवॉल मात्र त्यानंतर आठ महिने बंदच होती.

कनेक्शन म्हणजे काय

प्रथम कनेक्शन म्हणजे काय ते पाहू. जळगावच्या गोलाणी मार्केटचे उदाहरण घ्या. सुरतच्या दलालाने गाठीवर फक्त 'गोलाणी मार्केट, जळगाव' असे लिहिले तर माल इमारतीपर्यंत येईल, पण हमाल खालीच उभा राहील. गाळा क्रमांक लिहिला असेल तरच गाठ योग्य दारात उतरेल.

कॉम्प्युटरचेही तसेच आहे. जाळ्यावरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो. घरातल्या कॉम्प्युटरचा पत्ता बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो व तो राउटर देतो. हा झाला इमारतीचा पत्ता. त्याच्या आत ६५ हजारांहून अधिक क्रमांकांची दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. कोणत्या कामाला कोणते दार, हे बरेचसे ठरलेले आहे. बँकेची किंवा जीएसटीची साईट पलीकडच्या ४४३ क्रमांकाच्या दारातून बोलते. एका विंडोज कॉम्प्युटरमधला फोल्डर किंवा प्रिंटर दुसऱ्याने वापरायचा तर ते काम ४४५ क्रमांकाच्या दारातून होते. दूर बसून दुसरा कॉम्प्युटर चालवायची जी सोय आहे, रिमोट डेस्कटॉप, तिचे दार ३३८९. एका कॉम्प्युटरमधल्या कार्यक्रमाने दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ठरावीक दाराशी बोलणे सुरू केले की ते झाले कनेक्शन.

पहारेकरी काय पाहतो

फायरवॉल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आग पसरू न देणारी भिंत. आग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून इमारतीत जी भिंत घालतात ती. कॉम्प्युटरमध्ये तिचे काम मात्र भिंतीपेक्षा इमारतीच्या पहारेकऱ्यासारखे आहे. हा पहारेकरी हातात वही घेऊन बसलेला असतो. आपला माणूस बाहेर गेला तर त्याला तो सहसा अडवत नाही, फक्त नोंद करतो की अमुक माणूस अमुक ठिकाणी गेला. त्या ठिकाणाहून उत्तर आले तर वहीतली नोंद पाहून आत सोडतो. पण ज्याला आपण बोलावले नाही असा कोणी बाहेरून येऊन दार ठोठावू लागला तर, त्याच्यासाठी आधी इजाजत लिहून ठेवलेली नसेल, तर त्याला परत पाठवतो. विंडोजमधील फायरवॉलचा मूळ नियम हाच आहे. आतून बाहेर जाणाऱ्याला मोकळीक, बाहेरून आत येणाऱ्याला मज्जाव.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. कनेक्शन अडवले अशी सूचना आली म्हणजे कॉम्प्युटर बिघडला असे नाही, आणि चोर आत शिरला असेही नाही. पहारेकरी आपले काम करतो आहे आणि मालकाला विचारतो आहे, इतकाच तिचा अर्थ.

घरालाच परके समजले

आता आमच्या घरी अडचण का आली ते सांगतो, कारण ती फार जणांना येते. पहारेकऱ्याकडे नियमांच्या निरनिराळ्या वह्या असतात. घरगुती वापरात त्यांपैकी दोन कामाच्या. एक 'प्रायव्हेट', म्हणजे आपल्या घरची किंवा पेढीची जागा. दुसरी 'पब्लिक', म्हणजे रेल्वे स्टेशन, हॉटेल, परक्याचे वायफाय. पब्लिक वहीप्रमाणे शेजारच्या कॉम्प्युटरला फोल्डर व प्रिंटर दाखवले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. भुसावळ स्टेशनवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपली खातेवही कोण दाखवेल?

नवा राउटर लागला की कॉम्प्युटरला वाटते आपण नव्या जागी आलो. नवी जागा तो बहुधा पब्लिक धरतो. आमच्या तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरने आमच्याच घराला परक्याची जागा समजून वरच्या मजल्याला मज्जाव केला होता. उपाय दोन मिनिटांचा होता. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडायचे, आपल्या कनेक्शनचे प्रॉपर्टीज पाहायचे आणि पब्लिकच्या जागी प्रायव्हेट निवडायचे. फायरवॉलला हात लावण्याची गरजच नव्हती. ही गोष्ट आम्हाला आठ महिन्यांनी कळली, आणि ती कळण्याचे कारण धुळ्यात घडले.

धुळ्याची गोष्ट

धुळ्यात आमचे एक स्नेही आहेत. त्यांचा सुताचा व्यापार असून यंत्रमागवाल्यांना उधारीवर सूत देणे आणि त्यांच्याकडून कापड घेणे असे त्यांचे चालते. पेढीवरचा हिशेब रात्री घरी बसून पाहता यावा म्हणून त्यांनी एका माणसाकडून सोय करून घेतली होती. त्या माणसाने राउटरमध्ये ३३८९ हे दार थेट बाहेरच्या जगाला उघडे केले आणि पासवर्ड ठेवला तो पेढीच्या नावाचा. जगभर असे कार्यक्रम रात्रंदिवस फिरत असतात जे पत्त्यामागून पत्ता घेऊन हे दार उघडे आहे काय, एवढेच पाहतात. उघडे सापडले की सोपे पासवर्ड एकामागून एक लावून बघतात.

एका सोमवारी सकाळी त्यांच्या मुनीमाने कॉम्प्युटर उघडला तर हिशेबाच्या प्रत्येक फाईलच्या नावाला विचित्र शेपूट लागलेले होते. एकही फाईल उघडेना. सोबत इंग्रजीत चिठ्ठी, की फाईली हव्या असतील तर पैसे भरा. दोन वर्षांचा हिशेब कुलूपबंद झाला होता. बॅकअप होता, पण तो त्याच कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर. तोही कुलूपबंद.

त्यांनी पैसे भरले नाहीत. जीएसटीच्या पोर्टलवरून विक्री-खरेदीची बिले बरीचशी परत मिळाली. पण कोणी किती दिले, कोणाचे किती राहिले, हे पोर्टल सांगत नाही. मग ते स्वतः एकेका पार्टीच्या दारात गेले आणि विचारले, "भाई, तुमच्याकडे आमचे किती येणे आहे?" सावकाराने कर्जदाराला असे विचारणे काय असते ते व्यापारी माणसालाच कळेल. बहुतेकांनी खरे सांगितले. काहींनी सांगितले नाही. उलट ज्यांचे त्यांच्याकडे देणे होते त्या लहान कारागिरांजवळ ना वही ना पावती. त्यांनी जो आकडा सांगितला तो आमच्या स्नेह्यांनी मान्य केला, कारण हिशेब सांभाळण्याची जबाबदारी आपली होती, त्यांची नव्हती, असे त्यांचे म्हणणे पडले. हिशेबाची वही ही फक्त आपली मालमत्ता नसते, तिच्यात दुसऱ्यांची अमानतही असते, हे आम्हाला त्या दिवशी नीट समजले. घरी येऊन पहिले काम केले ते फायरवॉल चालू करण्याचे.

हे जगभर घडले आहे

हा केवळ खान्देशचा अनुभव नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा कॉम्प्युटरच्या १३५ क्रमांकाच्या दारातून शिरून जगभर पसरला. तोवर विंडोज एक्सपीमध्ये पहारेकरी होता, पण तो मुळात झोपलेला असे, मालकाने उठवले तर उठे. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने सुधारणा काढून फायरवॉल आपोआप चालू राहील अशी व्यवस्था केली. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय आला. तो ४४५ क्रमांकाच्या दारातून शिरत होता आणि सुमारे १५० देशांत पसरला. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचे कामही त्याने विस्कळीत केले. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता आणि ज्यांचे दार उघडे होते ते सापडले.

मात्र पहारेकरी असला म्हणजे सर्व काही झाले असेही समजू नये. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला. त्याची झळ मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरालाही लागली, जिथून आपल्या जळगावची केळी परदेशी जातात. तिथल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. हा हल्ला दार फोडून आला नव्हता. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका कार्यक्रमाच्या अपडेटमधून तो आत शिरला आणि मग एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात गेला. आपल्याच गुमास्त्याच्या पिशवीतून कोणी चोरून काही आणले तर पहारेकरी त्याला आपला माणूस म्हणूनच सोडतो. अनोळखी मेलमधील फाईल उघडणे किंवा फुकट मिळालेला चोरीचा कार्यक्रम बसवणे यापासून फायरवॉल आपल्याला वाचवू शकत नाही.

अडवले कोणी, हे कसे ओळखावे

काही उघडत नसेल तर दर वेळी दोष आपल्या पहारेकऱ्याचाच असतो असेही नाही. अडवणूक तीन ठिकाणी होऊ शकते. पहिले आपला कॉम्प्युटर, दुसरे घरातला राउटर, तिसरे बाहेर, म्हणजे इंटरनेट देणारी कंपनी किंवा पलीकडची साईट. सरकारच्या आदेशानेही काही गोष्टी बाहेरच अडवल्या जातात. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली ती अशीच. तेथे घरची फायरवॉल बंद करून काहीच साधत नाही.

ओळखण्याची सोपी रीत अशी. तीच साईट मोबाईलच्या डेटावर उघडून पाहा. मोबाईलच्या डेटावरही उघडत नसेल तर अडचण बहुधा पलीकडे आहे. मोबाईलच्या डेटावर उघडते, पण घरच्या वायफायवर कोणत्याच यंत्रावर उघडत नाही, तर राउटर किंवा कंपनीकडे पाहा. घरच्या वायफायवर मोबाईलमध्ये उघडते आणि फक्त कॉम्प्युटरमध्ये नाही, तरच कॉम्प्युटरची चौकशी करा.

पडद्यावरच्या शब्दांकडेही लक्ष द्यावे. 'रिफ्यूज्ड' असे लगेच आले तर पलीकडून उत्तर मिळाले आहे, पण त्या दारात कोणी बसलेले नाही. म्हणजे गाळा आहे, दुकान बंद आहे. अशा वेळी पलीकडचा कार्यक्रम चालू आहे काय ते पाहावे. बराच वेळ थांबून 'टाइम्ड आउट' असे आले तर उत्तरच मिळालेले नाही. पलीकडचे यंत्र बंद असेल, पत्ता चुकला असेल, किंवा मध्ये कोणा पहारेकऱ्याने निरोप गुपचूप बाजूला टाकला असेल. फायरवॉलने अडवलेले कनेक्शन बहुधा असेच दिसते, कारण ती नको असलेल्या माणसाला 'नाही' असेही म्हणत नाही, गप्प राहते. दारात कोणी आहे हे बाहेरच्याला कळूच द्यायचे नसते.

परवानगीची खिडकी

एखादा कार्यक्रम पहिल्यांदाच बाहेरच्या निरोपांसाठी दार उघडून बसू पाहतो तेव्हा विंडोज एक खिडकी दाखवते. तिच्यात कार्यक्रमाचे नाव असते आणि प्रायव्हेट व पब्लिक जाळ्यांचा उल्लेख असतो. घाईत बटण दाबण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

हा कार्यक्रम कोण आहे? आताच आपण स्वतः चालू केलेला हिशेबाचा किंवा प्रिंटरचा कार्यक्रम असेल तर ठीक. नाव अनोळखी असेल आणि आपण काहीच उघडलेले नसेल तर परवानगी देऊ नये, जाणकाराला दाखवावे.

त्याला दुसऱ्या यंत्राकडून निरोप येण्याची गरज आहे काय? एकाच कॉम्प्युटरवर हिशेब लिहिणाऱ्याला बहुधा नसते. वर-खाली दोन कॉम्प्युटरवर एकच हिशेब चालवणाऱ्याला असते.

कोठून येऊ द्यायचे? घरातल्या कामासाठी फक्त प्रायव्हेटला परवानगी पुरते. पब्लिकला देऊ नये.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. या खिडकीत 'कॅन्सल' दाबले तरी पहारेकरी ते विसरत नाही, त्या कार्यक्रमाला मज्जाव असे लिहून ठेवतो. पुढे तो कार्यक्रम चालेना झाला तर फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत जाऊन त्याच एका नावासमोर खूण करावी. एका माणसाला आत घ्यायचे म्हणून पहारेकऱ्याला घरी पाठवू नये.

आज करण्यासारखी कामे

वाचक बांधवांनी आजच आपल्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडून फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन पाहावे. तेथील तिन्ही ओळींसमोर फायरवॉल चालू असल्याचे लिहिलेले असावे. आमच्यासारखी कोणी ती बंद करून गेला असेल तर तेथेच कळेल.

राउटर ज्याने बसवला त्याला विचारावे की पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये एखादे दार उघडे ठेवले आहे काय. ३३८९ किंवा ४४५ बाहेरच्या जगाला उघडे असेल तर ते आजच बंद करून घ्यावे, आणि राउटरचा मूळ पासवर्डही बदलावा. घरून पेढीचा हिशेब पाहायचाच असेल तर व्हीपीएनसारखी सुरक्षित वाट जाणकाराकडून करून घ्यावी.

विंडोजचे अपडेट टाळू नयेत. विंडोज ७ ची नेहमीची मदत १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. अशा जुन्या यंत्रावर हिशेब असेल तर पुढची तजवीज करावी.

बॅकअप घेतल्यावर डिस्क काढून ठेवावी, लावून ठेवू नये. आम्ही आता दर शुक्रवारी दुपारनंतर हिशेब डिस्कवर घेतो. एक डिस्क आमच्या कपाटात असते आणि दुसरी महिन्यातून एकदा धुळ्याला त्याच स्नेह्यांकडे जाते. त्यांची आमच्याकडे येते.

आणि इतके करूनही घात झालाच, तर कॉम्प्युटरची इंटरनेटची तार काढावी, वायफाय बंद करावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. लाजून गप्प बसू नये.

दुरुस्तीवाल्याने यापुढे 'फायरवॉल बंद करा' असे सांगितले तर त्याला नम्रपणे विचारावे, "कोणत्या कार्यक्रमाला आणि कोणत्या दारासाठी परवानगी हवी आहे, तेवढीच देऊ या का?" जाणकार असेल तो लगेच उत्तर देईल. उत्तर देता येत नसेल तर दुसरा दुरुस्तीवाला पाहावा.